चालू पट्टा

हिंगणघाटच्या एका जिनिंगमधला मोठा पट्टा सकाळपासून घसरत होता आणि फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लांबत चालली होती. नव्या फिटरनं हात टेकले, तेव्हा कुठे भूपेंद्रशेठनं झक मारत जुन्या फिटरला, तानबाला बोलावणं धाडलं. दोन वर्षांपूर्वी निष्काळजी म्हणून त्यांनीच त्याला हाकललं होतं.

तानबा आला. उजवा हात खिशातून न काढताच त्यानं पट्ट्याकडे एक नजर टाकली.

"राळ लावा लागते, शेठ. मंग पकडते पट्टा."

"लाव ना मंग! थांब, मशीन बंद करतो." शेठनं बटणाकडे हात नेला.

"बंद काऊन करता? त्या दिवशी तं तुम्हीच ओरडले होते मायावर. गाड्या उभ्या हायेत, चालू पट्ट्यालेच लाव म्हणून."

कापूस ओढणाऱ्या बाया जागच्या जागी थबकल्या. शेठचा हात बटणापाशीच राहिला.

"गाड्या आजही उभ्याच हायेत. घ्या, आज तुम्ही लावा," म्हणत तानबानं खिशातला हात बाहेर काढला. राळेचा खडा त्यानं उरलेल्या दोन बोटांत धरला होता.