बंद कांडी

वाल्मीकनं पुन्हा बटण दाबलं. "कळलं," तो म्हणाला.

पडद्याआड त्याच्या मांडीपासून वर एक मऊ कांडी फिरत होती. तिची थरथर कळली की बटण दाबायचं; ती कुठे कळते, कुठे नाही, यावरून बधिर नसांचा नकाशा उमटायचा. हल्ली त्या नकाशाबरहुकूम नव्या नसा उगवत. साखरेच्या आजारानं विझलेल्या कितीतरी पुरुषांचे संसार तसे पुन्हा उमलले होते.

"भाऊ, कांडी मी मघाशीच बंद केलीय," डॉक्टर तडवी म्हणाले. "खोट्या नकाशावर नस उगवत नाही."

कोपऱ्यात बसलेली त्याची बायको कौतिका उठली. "घरीही हेच, डॉक्टर. यांना म्हणे काही झालेलंच नाही. मीच थंड, मीच दगड. सासूनं मला अंगारे चाटवले, तेव्हा हे शेजारी जेवत होते."

"गप बस, कौतिका."

"बसले की इतकी वर्षं." तिनं त्याच्या हातातलं बटण काढून घेतलं. "लावा कांडी. आता तोंडानं सांगतील."

डॉक्टरांनी जोर इतका वाढवला, की कांडीची गुणगुण खोलीभर ऐकू आली.

"कळतंय?" तिनं विचारलं.

वाल्मीक छताकडे बघत राहिला. "नाही."

"आता हेच घरी तुमच्या आईला सांगायचं. माझ्यासमोर."