शंखामागचं आडनाव

नेरिडा गेल्याचं संग्रहालयात कळलं, त्या दिवशी शंखशिंपल्यांच्या विभागात कुणी काम केलं नाही. तिने खणात लपवलेली आल्याची बिस्किटं सगळ्यांनी मिळून संपवली. तिचा नवरा कॉलिन सामान न्यायला आला, तेव्हा त्याच्या हातात रिकामा डबा देताना तिची सहकारी ग्वेन रडतही होती आणि शेवटचं बिस्कीट चावतही होती.

आज ग्वेन हॉबार्टच्या बंदरावरून शिंपल्यांची करी भरलेले गरम पॅटिस घेऊन त्याच्या घरी आली. ती आणि नेरिडा ज्या समुद्री गोगलगाईवर काम करत होत्या, ती नवी जात असल्याचं नक्की झालं होतं. लेख तयार होता.

“तिला नेरिडाचं नाव द्यायचं ठरवलंय,” ग्वेन म्हणाली. “जिथे जिथे या गोगलगाईचा उल्लेख होईल, तिथे नेरिडा असेल.”

कॉलिनला आनंद झाला. त्याने चहा ओतला. “मग लेखावर आधी तिचं नाव, की तुझं?”

“तिथेच अडतं. लिहिणाऱ्याने प्राण्याला स्वतःचंच नाव दिलं तर आमच्यात हसतात. म्हणून लेखावर तिचं नाव नसेल.”

“मग कुणाचं?”

“माझं.”

“एकटीचं?”

ग्वेनचे कान लाल झाले. “नोकरी पक्की व्हावी म्हणून नाही हो करत मी हे. तुम्हाला बरं वाटेल असं वाटलं.”

“ठाऊक आहे गं. तुला कारस्थान जमत असतं, तर बिस्किटांचा डबा पुन्हा भरून ठेवला असतास.”

ती हसली. कॉलिनने खुर्ची पुढे ओढली. “तुमच्या विभागातल्या मॅलने एका शंखाला कुठल्याशा ग्रीक देवीचं नाव दिलंय ना?”

“हो.”

“ती त्याची कुत्री होती.”

ग्वेनला ठसका लागला. “कुणी सांगितलं?”

“नेरिडाने. म्हणायची, गोगलगाईला कुणाचंही नाव पडतं. सासूचं, कुत्रीचं, देणगी देणाऱ्याचं. त्या नावामागे लेख लिहिणाऱ्याचं जे आडनाव कायमचं लागतं, ते मात्र काम करणाऱ्याचं.” त्याने कप तिच्याकडे सरकवला. “ही गोगलगाय वेगळी आहे, हे पहिल्यांदा कुणी ओळखलं?”

“तिने. मी तर भांडले होते, जुनीच आहे म्हणून.”

“मग तिचं पहिलं, तुझं दुसरं.”

लेखावर एकटीचं नाव ग्वेनने मनात बरेचदा वाचलं असावं. मग तिने लॅपटॉप उघडला आणि आपल्या नावाच्या आधी नेरिडाचं घातलं.

“पास्को आणि हॉलोवे,” कॉलिनने मोठ्याने वाचलं. “दुकानाची पाटी वाटते.”

पास्को हे नेरिडाचं आडनाव त्याने शेवटचं बघितलं होतं ते दफनभूमीतल्या दगडावर. इथे ते जास्त बरं दिसत होतं.

गोगलगाईचं ठरलेलं नाव ग्वेनने खोडलं. “आता हिला काय म्हणायचं?”

“मॅलचं देऊया.”

“त्याची कुत्री रागवेल.”

पॅटिस संपले. चहा पुन्हा झाला, पुष्कळ नावं सुचली आणि पुष्कळ हसून झालं.

गोगलगाईचं नाव ठेवायचं अजून राहिलं आहे.