जॉयस्टिकवरचा हात

तो जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करायचा. एका जॉयस्टिकची आतली रचना कळेना, म्हणून दुपारी संगणकावर जुनी पेटंटं चाळत बसला. एका आकृतीत जॉयस्टिक धरलेला हात होता. अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं, अगदी त्याच्या गेलेल्या लेकीच्या नखासारखं.

"अहो, हे तर ती जन्मायच्या आधीचं," त्याच्या खांद्यावरून तारीख वाचत बायको म्हणाली.

त्याने दुसऱ्या कंपनीचं पेटंट उघडलं. तोच हात, पण वाळलेला. आजारपणात वाळला होता तसा.

"बंद करा."

त्याला बंद करवेना. पुढच्या आकृतीत जॉयस्टिक खाली पडली होती आणि पंजा आतून चौकटीला टेकला होता.

न राहवून बायकोने पडद्यावर तळवा ठेवला. त्याने तो मागे ओढला, पण निघेना.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तिने घट्ट धरलंय."