चिठ्ठी झाकून बघ

कल्पना करा पोरांनो, तुमच्या हातात हातोडी आहे आणि समोर कडक प्लॅस्टिकची बंद डबी. डबीत एका जुन्या गोलकीपरचं कार्ड, आईच्या बाबांनी जन्मभर जपलेलं. वरच्या चिठ्ठीवर आकडा सहा. दहापैकी सहा! आणि दिला कोणी, तर सख्ख्या आत्याने. खेळाडूंची जुनी कार्डं तपासून गुण देणं हेच तिचं काम. रविवारच्या प्रदर्शनात काचेच्या कपाटात जागा हवी, तर निदान सात लागतात.

आपल्या चिमणीच्या हातात अशीच डबी होती, आणि तिने ती फोडली. कार्ड अलगद काढलं आणि मैत्रिणीच्या नावाने पुन्हा तपासायला दिलं. आत्याच्या टेबलावर कार्डं येतात ती मालकाचं नाव झाकूनच.

आज मैत्रिणीने ते परत आणून दिलं. नवी डबी, नवी चिठ्ठी. आठ!

चिमणी धावत आत्याच्या कामाच्या खोलीत शिरली. जुनी चिठ्ठी आणि नवी डबी तिने दिव्याखाली शेजारी-शेजारी ठेवली.

“आत्याबाई, कार्ड तेच, तपासणारी तीच. आता बोला!”

“सरासरी काढा, सात होतात. मिटलं भांडण!” बाहेरून बाबांनी टोला हाणला.

आत्या चिडली नाही. तिने डबी उलटसुलट करून पाहिली.

“आठ दिले त्या दिवशी याच्या आधी एक पेटी आली होती. सगळी भिजलेली, चुरगळलेली कार्डं. त्यांच्यामागून हे आलं. वासरांत लंगडी गाय शहाणी! फसली गं माझी नजर.”

“मग खरा आकडा कोणता?”

आत्याने भिंग तिच्या हातात दिलं. “मी नाही सांगणार. तू ते कधी नीट बघितलंयस? चिठ्ठी झाकून बघ.”

चिमणीने अंगठ्याने आकडा झाकला. कोपरे चांगले होते. कडाही सरळ. मग चित्रातल्या गोलकीपरच्या हातमोज्याजवळ केसाएवढी रेघ चमकली. घडी पडलेली. डबी कलती केली की दिसायची, सरळ केली की गुडूप. तिने पुन्हा कलती केली. या वेळी दिसू नये, असं तिला फार वाटत होतं. दिसली.

घडी असली की सहाच्या वर नाही, हे आत्याच्या भाचीला कोणी सांगायला नको होतं. काचेचं कपाट डोळ्यांसमोर आलं. तिने भिंग खाली ठेवलं.

“सहाच.”

आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. पण चिमणीचं लक्ष दाराजवळच्या ट्रेकडे होतं. तपासून झालेल्या, टपालाने मालकांकडे जायच्या डब्या त्यात रचून ठेवल्या होत्या.

“आत्या, त्या पेटीनंतर तू आणखी कार्डं तपासलीस?”

“हो, दुपारभर.” आत्याचीही नजर ट्रेकडे वळली.

चिमणीने ट्रे उचलून दिव्याखाली आणला, दुसरी खुर्ची ओढली, आणि पहिल्या डबीवरचा आकडा अंगठ्याने झाकला.