उन्हातली शिंक

क्लिनिकची दहाची वेळ होती आणि ऋजुता पर्स घेऊन दारात उभी होती. पोटातल्या बाळाच्या डीएनएतली, उन्हात पाऊल टाकताच शिंक आणणारी एकच जागा आज तिथले डॉक्टर एन्झाइमच्या कात्रीनं कापणार होते. अरे, या सासरच्या करंदीकरांचं काय सांगू! ऊन दिसलं की शिंक, आणि निघताना शिंक आली की परत आत बसायचं, पाणी प्यायचं, मगच निघायचं. लग्नाचा मुहूर्तसुद्धा यांनी असाच घालवला होता!

"कापूनच टाक गं बाई," सासरे अप्पा स्वतःच म्हणाले होते, "बाळ तरी वेळेवर पोचेल."

अप्पांनी उत्साहानं दार उघडलं. आक्छी! मागोमाग ऋजुताचा नवरा मल्हार. आक्छी!

"बसा आता," म्हणत अप्पा ओशाळून पाणी आणायला पळाले.

तिघं सोफ्यावर बसली. रोजच्या धावपळीत आपण एकत्र टेकतो ते या शिंकांमुळेच, हे ऋजुताच्या आत्ता कुठे लक्षात आलं.

पाणी संपलं. मल्हार उठला. "चल, उशीर होतोय."

तिनं पर्स खुंटीला अडकवली.

"अप्पा, चहा टाका. चौथ्यालाही बसू दे की आपल्यात."