मापाची गाडी

देवानं रूपेशला सव्वासहा फूट उंची दिली आणि हौस दिली ती एवढ्याशा टू-स्ट्रोक गाडीची. कुठल्याही गाडीवर बसला की गुडघे हँडलला अडायचे. देवरीपासून गोंदियापर्यंतचे मेकॅनिक त्याला हसून थकले.

शेवटी चिचगडच्या मनिरामकाकांच्या अंगणात एक गाडी सापडली. सीट वर चढवलेली, पायदानं खाली घेऊन वेल्डिंग केलेली.

"माया पोराची होती," काका म्हणाले. "तुयाएवढाच लंबा. आता नाही तो."

रूपेश बसला. गुडघे मोकळे! हरखून त्यानं किक मारली.

"अरे, इथं नोको! गावाबाहेर ढकलत ने, मंग चालू कर!" काका धावले, पण गाडी केव्हाच दणाणली होती.

आत ताट वाजलं. डोळ्यांनी अधू झालेल्या काकू भिंत चाचपत दारात आल्या.

"आला का रे बाबू? भात वाढला. वाकून ये, नाही तं चौकट लागन डोक्याले."

रूपेशनं काकांकडे पाहिलं. काकांनी नुसते हात जोडले.

त्यानं गाडी बंद केली आणि वाकून आत गेला.