हिरव्या फुलांचा झगा

फेलिसा प्रवाशांनी भरलेल्या जीपनीतून उतरली तेव्हा चर्चसमोर मिरवणूक सुरू झाली होती. सामानाचं खोकं बाकावर टेकवून ती टाचा उंचावून बघू लागली.

"आधी घरी चल, ताई. तोंड तरी धू," धाकटी बहीण मिंगा म्हणाली.

"तोंड कुठे पळून जातंय? आधी पोरीला बघू दे."

लिगाया दोन वर्षांची असताना फेलिसा कुवेतला घरकामाला गेली. त्यानंतर सात वर्षं लेक तिला भेटली ती कॅसेटमधून. मिंगा तिचं बोलणं भरून पाठवायची आणि फेलिसा मालकिणीच्या स्वयंपाकघरात ती टेप झिजेपर्यंत ऐकायची. "नानाय, तू कधी येणार?" एवढं ऐकलं की तिचा जीव तुटायचा. तो आवाज तिने हजारांत ओळखला असता. फोटो मात्र एकच होता, तोही दुधाचे दात पडायच्या आधीचा. आपण लेकीला ओळखलंच नाही तर, ही धास्ती तिला विमानात बसल्यापासून होती.

"उगाच काय घाबरतेस," मिंगा हसली. "तुझा हिरव्या फुलांचा झगा उसवून तिचा पोशाख शिवलाय. आता तरी चुकशील का?"

चुकायचं कारणच नव्हतं. या गावात नाताळच्या मिरवणुकीला पोरांचे पोशाख घरातल्याच जुन्या कापडाचे शिवतात. पडदा, बापाचा सदरा, आजीची चादर, काहीही चालतं. त्यामुळे म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही लांबून कळतं, कुठल्या घरचं पोर चाललंय ते. आणि तो झगा तर फेलिसाने स्वतः शिवलेला होता, लग्नानंतरच्या पहिल्या नाताळासाठी.

मिंगा खोक्यापाशी थांबली. फेलिसा गर्दीतून पुढे गेली.

बांबूच्या काड्यांचे, रंगीत कागद चिकटवलेले ताऱ्यांचे कंदील धरून पोरं सरकत होती. हिरवं काही दिसेना. फेलिसाला राहवेना. ती सरळ रांगेत घुसली आणि पिठाच्या पोत्याचा झगा घातलेल्या एका किडकिडीत मुलीला तिने थांबवलं.

"बाळा, हिरव्या फुलांचा पोशाख घातलेली मुलगी पाहिलीस का गं? लिगाया नाव तिचं."

मुलीने कंदील आपल्या तोंडाजवळ आणला आणि फेलिसाकडे बघत ती तशीच उभी राहिली. मागची पोरं ढकलायला लागली तरी हलेना.

"मुकी आहेस का गं? सांग ना लवकर, राणी. माझी लेक आहे ती."

मुलीने कंदील खाली घेतला आणि मागे बोट दाखवलं.

खरंच, चार पोरांमागे हिरवी फुलं होती. फेलिसा धावली. रस्त्यातच गुडघे टेकून तिने पोरीला छातीशी धरलं, तिचे मुके घेतले, केसांचा वास घेतला.

"नानाय आली गं तुझी. आता कुठ्ठे जायची नाही," ती रडत म्हणत राहिली.

मुलगी अंग चोरून उभी होती.

"मावशी," शेवटी ती म्हणाली. हा आवाज कॅसेटमधला नव्हता.

फेलिसाचे हात सैल पडले.

"मी लिगाया नाही. तिनेच मला हे घालायला लावलं. म्हणाली, कपडे बघून काय, कुणीही ओळखेल. मला बघून नानाय ओळखते का ते बघायचंय. तोवर तोंडातून शब्द काढणार नाही म्हणाली." मुलीने गालावरचं ओलं पुसलं आणि पुढे बघितलं. "माझा झगा घालून गेलीय ती. पिठाच्या पोत्याचा."